काळ्या मातीत पाय रोवताना

सोलापूर पाहायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. लग्नाला जातात, चादरी घ्यायला जातात, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला जातात, नाहीतर पंढरपूरच्या वाटेवर चार तास मोडतात. मी गेल्या जूनमध्ये गेलो तो निराळ्याच कुतूहलापायी. चाक जमिनीला कशाने धरते आणि केव्हा सोडते, हे मला पाहायचे होते. घरच्या मंडळींनी "लोक देव पाहायला जातात, तुम्ही घसरगुंडी पाहायला चाललात!" असे म्हणून डबा बांधून दिला.

पहिला मुक्काम कुर्डुवाडी. आज तिथे ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात. पण १८९७ साली इथूनच बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर असे करीत १९२७ साली मिरजेला पोचली आणि १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले. माणसांना जमिनीवरून ओढून नेणे आणि आकाशातून अलगद उतरवणे, दोन्हींची त्याला हौस!)

कॅलथ्रॉपपुढे पेच असा होता की, खर्च वाचवायचा तर रूळ हलके हवेत, आणि हलक्या रुळांवर एका आसाचा भार पाच टनांहून जास्त नको. आता इंजिन ओढते ते काही नुसत्या वाफेच्या जोरावर नव्हे. चाक रुळाला जितके दाबेल तितकीच त्याची पकड. कोरड्या रुळावर पोलादाला पोलाद साधारण चौथ्या हिश्शाने धरते. म्हणजे पाच टनांच्या आसामागे ओढ फक्त सव्वा टनाची. त्याहून जास्त वाफ सोडली तर चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी तिथेच! कॅलथ्रॉपने मग इंजिनाचे चार आस एकमेकांना दांड्यांनी जोडून घेतले. आठ चाके, वीस टन भार आणि पाच टनांची ओढ. रूळही वाचले आणि गाडीही चालली. मला विचाराल तर पॅराशूटपेक्षा ही युक्ती मोठी.

रूळ दवाने किंवा पहिल्या सरीने ओले झाले की ही पकड निम्म्यावर येते. तेव्हा ड्रायव्हर चाकापुढे नळीने वाळू सोडतो. वाफेची इंजिने गेली, विजेची आली, तरी वाळूची पेटी त्यांच्याही पोटाशी आहेच.

कुर्डुवाडीहून पुढे मोहोळच्या बाजूला एका स्नेह्यांच्या शेतावर गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. डांबरी रस्ता संपला, गाडीवाट सुरू झाली आणि वीस पावलांत माझ्या बुटांचे वजन शेरा-शेराने वाढले. काळी माती पाणी पिऊन फुगते. तिचे कण चपटे आणि अतिशय बारीक. मध्ये पाण्याचा पदर आला की एकावर एक सरकतात. शिवाय ती बुटाच्या खाचांत गच्च भरते. मग तळव्याची नक्षी कितीही दाणेदार असो, खाली उरतो तो मातीवर मातीचाच गोळा. शेतावरचे म्हातारबाबा माझी कसरत पाहत होते. म्हणाले, "पायातलं काढा की सायेब. बोटं रोवून या." आणि खरोखरच अनवाणी चालणे जमले! बोटे वरचा राडा फोडून खालच्या घट्ट थरात शिरतात आणि त्याला रेटा देतात.

ट्रॅक्टरचे मागचे चाक हेच करते. त्याच्या टायरवरची उंच रबरी बोटे मातीत रुतून तिला मागे रेटतात आणि कडेला उघडी असल्याने चिखल झाडून टाकतात. ट्रॅक्टर हलका पडला तर या टायरांत पाणी भरून वजन वाढवतात. बैलगाडीचा न्याय मात्र उलटा. तिच्या चाकाने काहीच ओढायचे नसते, नुसते गडगडायचे असते; म्हणून आसाला वंगण आणि ओढायला बैलाचे खूर. मात्र उसाची गाडी डांबरी सडकेला लागली की पत्री मारलेले तेच खूर घसरतात. लोखंड मातीत रुतते, डांबरात रुतत नाही.

रबराचे गणित आणखी वेगळे. कोरड्या डांबरावर खाचा नसलेला गुळगुळीत टायरही उत्तम धरतो. शर्यतीच्या मोटारींना तसेच टायर लावतात. खाचा असतात त्या पाण्याला वाट द्यायला. म्हणून तर मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायदा तो टायर चालू देत नाही. उन्हाळ्यात ज्या झिजल्या टायरवर माणूस निर्धास्त हिंडतो, तोच जूनमध्ये दगा देतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण १४ मीटरांत थांबते. पकड निम्मी झाली की २८ मीटर लागतात. समोरचे शाळकरी पोर मात्र होते तिथेच असते.

त्यात सोलापूरचा उन्हाळा लांबलचक. महिनोन्महिने रस्त्यावर धूळ, तेलाचे थेंब, रबराचा चुरा साठत राहतो. पहिली भुरभूर त्याचे लोणी करते. मुसळधार पाऊस ते धुऊन तरी नेतो. वाईट ती सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे.

परतीच्या दिवशी सात रस्त्याला तशीच भुरभूर लागली. एका दुकानाच्या छपराखाली आम्ही दहाबारा जण उभे होतो. शेजारी एक जोडपे, स्कूटर आणि पाचसहा वर्षांची मुलगी. गृहस्थ किल्ली फिरवीत उतावीळ झालेले.

"एवढ्याशा पावसाला काय थांबायचं? दहा मिनिटांत घरी पोचू."

"अहो, थांबा जरा. नुसतीच भुरभूर आहे अजून. एकदा रस्ता धुऊन निघू दे."

"लोक पाऊस थांबायची वाट बघतात, तू वाढायची बघतेस!"

बाईंनी उत्तर दिले नाही. पिशवीतून शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकरी काढली, तुकडा मोडून मुलीच्या हातात दिला. थोड्या वेळाने खरेच धो धो सर आली. गटाराकडे काळे, फेसाळ पाणी धावू लागले. अर्ध्या तासाने सर ओसरली तेव्हा डांबर न्हाऊन निघाले होते. गृहस्थांनी स्कूटर काढली, मुलगी मध्ये बसली, आणि ती मंडळी सावकाश विजापूर रस्त्याला लागली.