पहिल्या रांगेत कोण बसणार?



रात्री जेवणं झाली की आम्ही मोबाईल टीव्हीला जोडतो आणि पियानोवादनाचे जुने चित्रित कार्यक्रम बघत बसतो. परवा एका कार्यकर्त्याने विचारलेच, "दादा, हे गोऱ्या श्रीमंतांचं संगीत बघून चळवळीला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्यालाही जे नीट दिसत नाही, ते कॅमेरा दाखवतो: बोटे, मनगट, कपाळावरचा घाम. 'दैवी देणगी' म्हणून आपल्याला ज्याच्यापासून लांब ठेवले जाते, ती वर्षानुवर्षांची मेहनत असते, हे तिथे उघड दिसते.

आम्ही वारंवार बघतो ते आंद्रे वॉट्स यांना. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, आई हंगेरियन. पहिले धडे आईनेच दिले. जानेवारी 1963 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत त्यांनी लिस्टचा पहिला कॉन्चेर्टो वाजवला आणि तो टीव्हीवरून अमेरिकेने पाहिला. त्याच महिन्यात ग्लेन गूल्ड आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी वॉट्स यांनाच बोलावले गेले. 1976 मध्ये लिंकन सेंटरमधून त्यांचे एकल वादन थेट प्रक्षेपित झाले.

"बघा, गुणवत्ता असली की कोणी अडवत नाही," असे म्हणणारे इथे टाळ्या वाजवतील. त्यांना आम्ही नीना सिमोन यांच्याबद्दल विचारतो.

शाळकरी वयात, उत्तर कॅरोलिनातल्या ट्रायन गावी, तिच्या वादनाच्या वेळी आईवडिलांना पहिल्या रांगेतून उठवून मागे पाठवले. त्यांना पुन्हा पुढे बसवल्याशिवाय वाजवणार नाही, असे त्या मुलीने ठणकावले. 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने तिला प्रवेश नाकारला. तिथे शिक्षण मोफत होते, म्हणजे अडसर फीचा नव्हता. रंगामुळेच नाकारले, असे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. 2003 मध्ये त्याच संस्थेने मानद पदवी दिली आणि काही दिवसांतच त्या वारल्या. शास्त्रीय पियानोवादक म्हणून त्यांच्या ज्या मैफली व्हायला हव्या होत्या, त्या आज आम्ही घरी बसून बघू शकत नाही. कारण त्या झाल्याच नाहीत.

आता आमची कबुली. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने कीबोर्ड शिकायचा म्हटले, तेव्हा आम्हीच म्हणालो, "आधी दहावी हो, मग बघू." समाजशास्त्राच्या एम.ए.ला सांस्कृतिक भांडवलावर पानेच्या पाने लिहिलेल्या माणसाचे हे उत्तर! ती पुन्हा कधी विचारायला आली नाही.

ज्या बाबासाहेबांनी उतारवयात, एवढ्या व्यापात, व्हायोलिन शिकायला घेतले, त्यांचे आम्ही अनुयायी. मग संगीत फक्त जयंतीपुरते का? चित्रफितीने आपल्याला पहिल्या रांगेत बसवले, पण वाद्यासमोर बसवायचे काम आपले आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक कीबोर्ड ठेवा, शिकवणारा शोधा.

आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन तिला बोलावणार आहोत.

जयभीम!