सागाचं वय आणि पतसंस्थेचा व्याजदर

1849 मध्ये मार्टिन फाउस्टमान नावाच्या जर्मन वनाधिकाऱ्याला जंगलाखालच्या जमिनीची किंमत काढायची होती. त्याच्या गणितातून झाड कधी तोडावं हेही निघतं. झाड वाढतंय म्हणून थांबावं, हे अर्धंच खरं. थांबलं की आज हाती आले असते त्या पैशांवरचं व्याज बुडतं. शिवाय जमीन अडकते, म्हणजे पुढचं पीक लांबतं, त्याच्या पुढचंही.

संगमेश्वरकडे आमच्या उतारावर आजोबांनी लावलेले साठेक साग आहेत, तिशीला आलेले. सागाचा घेर दोन फुटांवरून अडीच झाला, तर उंची तीच धरूनही लाकूड छप्पन टक्के वाढतं. तीनवरून साडेतीन झाला तर छत्तीसच टक्के. वाढ तेवढीच, टक्का घसरलेला. आमचे साग आता तीन फुटांवर आहेत. पुढच्या अर्ध्या फुटाला पाच वर्षं धरली, तर वर्षाला साधारण सव्वासहा टक्के पडतात. एफडीच्या आसपास. पण जाड लाकडाला घनफुटामागे भाव जास्त मिळतो, त्यामुळे थांबणं परवडतं.

म्हणजे मला परवडतं. बाबांच्या डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज आहे, चौदा टक्क्यांनी. पाच वर्षांत ते जवळपास दुप्पट होणार. त्यांच्या हिशेबाने झाडं आजच तोडायला हवीत, आणि तो हिशेब चोख आहे. त्याच झाडांचं, त्याच मातीतलं योग्य वय दोघांसाठी वेगळं निघतं, कारण सूत्रात व्याजदर ज्याचा त्याने घालायचा असतो. गावात उभी झाडं विकत घेणाऱ्या ठेकेदाराला हे फाउस्टमान न वाचताच कळतं. कुणाकडे लग्न आहे, कुणाकडे दवाखाना, याची खबर काढूनच तो दारात येतो. (सागाच्या तोडीला 1964 च्या कायद्याखाली परवानगी लागते. "ते सगळं मी बघतो" हे त्याचं ठरलेलं वाक्य. भाव पाडायला तेवढं पुरतं.)

मी बाबांना म्हटलं, "कर्ज मी फेडतो, झाडं राहू देत."

ते म्हणाले, "म्हणजे झाडं तू विकत घेतलीस."

बरोबर होतं त्यांचं. फक्त मी एसआयपी थांबवून घेतली होती, आणि बारा टक्क्यांची स्वप्नं दाखवणाऱ्या ॲपपेक्षा चौदा टक्क्यांचं कर्ज फेडणं केव्हाही सरस. मधल्या दाटीतली बारीक झाडं काढू, असं ठरलं. सागाच्या खोडक्यातून फुटवे येतातच. नव्या लागवडीचा खर्च नाही.

उरला पऱ्ह्याच्या कडेचा पट्टा. 1976 मध्ये रिचर्ड हार्टमनने फाउस्टमानच्या गणितात उभ्या जंगलाचा फायदाही धरला. तो पुरेसा मोठा असेल तर उत्तर 'कधीच तोडू नका' असंही येऊ शकतं. आजीच्या मते आमची विहीर वैशाखात त्या नऊ झाडांमुळे टिकते. तो फायदा रुपयांत कसा मांडायचा मला अजून जमलेलं नाही, म्हणून शीटमध्ये त्या नऊ झाडांपुढे तोडीच्या वर्षाचा रकाना रिकामा आहे.