तालुका निवडा

पुणे जिल्ह्यातले तालुके मराठी वर्णानुक्रमाने लावले, तर पहिला आंबेगाव, दुसरा इंदापूर आणि पुणे शहर धरून आठवा बारामती. वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते की नाही, हे बारामतीत बसून तपासणं माझं काम आहे आणि या क्रमाशी माझी सारखी गाठ पडते.

अंध माणूस माउस वापरत नाही. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि माणूस कीबोर्डने पुढे सरकतो. ऑनलाइन अर्जातल्या ‘तालुका निवडा’ या चौकटीवर येऊन त्याने खालचा बाण दाबला, की आंबेगाव येतं. त्याला अजून खाली जायचं असतं. पण पानातली स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमधला छोटा प्रोग्रॅम, तेवढ्यावरच निवड झाली असं धरते, आंबेगावची गावं आणायला अख्खं पान नव्याने भरते आणि त्याला पानाच्या माथ्यावर नेऊन सोडते. तिथून पुन्हा सगळा मेनू ऐकत खाली यायचं, पुन्हा बाण दाबायचा. इंदापूरच्या शेतकऱ्याला हा फेरा दोनदा पडतो, बारामतीच्या शेतकऱ्याला आठ वेळा. पुढे गावांची यादी आहेच. आल्ट धरून खालचा बाण दाबला तर आधी यादी उघडते आणि एंटर दाबेपर्यंत स्क्रिप्ट थांबते. ही युक्ती मी शिकवते, पण ती ठाऊक नाही म्हणून कुणाचा अर्ज अडता कामा नये. शेजारी ‘गावे दाखवा’ असं साधं बटण दिलं की प्रश्न मिटतो. डब्ल्यूसीएजी या जागतिक मानकात 3.2.2 क्रमांकाचा निकष नेमका यासाठीच आहे.

मग स्क्रिप्ट नकोच का? डब्ल्यूसीएजीच्या 1999 च्या पहिल्या आवृत्तीत तशी अट होती: स्क्रिप्ट बंद असली तरी पान वापरता आलं पाहिजे. डिसेंबर 2008 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेतल्या वेबएम संस्थेने 2012 मध्ये पाहणी केली, तेव्हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या 98.6 टक्के लोकांकडे जावास्क्रिप्ट सुरूच होती. खातेक्रमांकात एक अंक कमी पडला तर चांगली स्क्रिप्ट तिथल्या तिथे सांगते. फक्त लाल अक्षरांत दाखवून भागत नाही. ती सूचना वाचून दाखव, अशी खूण कोडमध्ये घालावी लागते.

माझा आक्षेप आहे तो पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएलचं काम स्क्रिप्टकडून करून घेण्याला. एचटीएमएलमधलं बटण स्वतःच सांगतं की मी बटण आहे. टॅबने सापडतं, एंटरने दाबलं जातं. त्याऐवजी रंगीत चौकोन काढून त्यावर क्लिकची स्क्रिप्ट लावली, की डोळसाला बटण दिसतं आणि टॅब त्याला ओलांडून पुढे निघून जातो. अर्ज भरून पूर्ण झालेला असतो, पण ‘सादर करा’ हातीच लागत नाही. त्यात मोबाइलची रेंज गेली आणि स्क्रिप्ट पोचलीच नाही, तर तो चौकोन डोळसालाही निरुपयोगी.

याहून मला राग येतो तो ‘एक ओळ टाका, साइट सुगम्य होईल’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या स्क्रिप्टचा. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात; ते तर फोनमध्ये आधीपासून असतं. आंबेगावचा फेरा तसाच राहतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूरही स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांचा कचराच वाटत राहतो. एका स्क्रिप्टने कोणतीही साइट मानकांत बसते, असा दावा करणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले.

आपल्याकडे कायदा कमी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा 2017 चा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सांगितलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवता येत नाहीत, अशा ॲसिडहल्ला झालेल्यांनी आणि एका अंध व्यक्तीने ती दाद मागितली होती.

‘ई-सेवा केंद्रात जा, ते भरून देतात,’ असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. केंद्रातली मुलं मदत करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइलवर आलेला ओटीपी, सगळं भरल्या दुकानात मोठ्याने सांगावं लागतं, आणि समोरच्याने काय भरलं हे अंध माणसाला पडताळता येत नाही. म्हणून साइट बनवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाकडे माझी मागणी एकच असते: एका अंध व्यक्तीने मराठीतला अर्ज, माउसशिवाय आणि कुणाच्या मदतीशिवाय, पोचपावती मिळेपर्यंत भरून दाखवावा, कंत्राटदाराचं शेवटचं बिल त्यानंतरच काढावं, आणि हे निविदेतच लिहावं.