आत्याच्या परिक्रमेसाठी

पुणे

ती. आत्यास सा. न.

देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलणार आहेस, हे बाबांकडून कळलं. नर्मदामैयाच १३१२ किलोमीटरची. दोन्ही तीर धरले की चालणं त्याच्या दुपटीहून जास्त. काळजी वाटते ती तुझ्या गुडघ्यांची. बडवानी सोडलीस की सातपुड्याचे चढउतार सुरू होतात, आणि गुडघे दुखतात ते उतरताना. १९९९च्या एका अभ्यासात उतारावर दोन काठ्या वापरल्याने गुडघ्यांवरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी घटलेला आढळला. म्हणून ट्रेकिंग पोलची जोडीच घे. परिक्रमेच्या पूजेतला दंड आहेच. सपाटीवर तो हातात, पोल सॅकला बांधलेले. डोंगरात उलट.

दुकानदार कार्बनचे पोल दाखवील. हलके असतात, पण दगडांत अडकून आडवा जोर आला की एकदम मोडतात. ॲल्युमिनियम आधी वाकतं, वाकलेल्या काठीने निदान पुढचं गाव तरी गाठता येतं. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत सुटे भाग कुठून मिळणार? तू ॲल्युमिनियमचेच घे.

सगळ्यात जास्त वेळ लॉक बघण्यात घालव. पोल दगा देतो तो बहुधा तिथेच. पिळून घट्ट करायचे लॉक आत धूळ-पाणी गेलं की घसरतात आणि ऐन उतारावर काठी आखडते. बाहेरून खटका दाबून बसवायचे लॉक घे. ते सैल पडले तर स्क्रू आवळता येतो. दुकानातच लॉक लावून काठीवर सगळा भार टाक. केसभर जरी सरकली तरी परत कर. स्प्रिंगवाल्या पोलला जादा पैसे देऊ नकोस. मूठ कॉर्कची असावी, घामाने निसटत नाही.

उभं राहून काठीचं टोक जमिनीला टेकवलंस की कोपर काटकोनात यायला हवं. तुझ्या उंचीला १०५ ते ११० सेंटिमीटर पुरेत. चढावर थोडी आखूड कर, उतारावर थोडी लांब. नळीवरच्या शेवटच्या खुणेपलीकडे मात्र ओढू नकोस. पट्ट्यात हात खालून वर घाल, म्हणजे भार मनगटावर येतो आणि मूठ आवळून धरावी लागत नाही.

डांबरी रस्ता पुष्कळ लागेल. तिथे टोकांना रबरी टोप्या हव्यातच, आणि त्या झिजतात. दोन जोड मी इथून पाठवतो. पोल भिजले तर मुक्कामाला भाग सुटे करून वाळव.

खरेदीला निघशील तेव्हा फोन कर, मी येतो.

तुझा भाचा,
मंदार