बर्फ, बजेट आणि अण्णांचा प्रश्न

गाडी घसरते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला वयाच्या ३१ व्या वर्षी कळलं. तेही एका साध्या सिग्नलला, ताशी जेमतेम २० मैलांच्या स्पीडला.

नोव्हेंबर २०२३. डेन्व्हरमधला आमचा दुसरा हिवाळा. लेकीला डॉक्टरकडे दाखवून घरी परत येत होते. आदल्या रात्रीचा बर्फ दुपारच्या उन्हात वितळला होता आणि संध्याकाळ होताच त्याच पाण्याचा पातळ काचेसारखा थर झाला होता. रस्ता नुसता ओला दिसत होता, बस्स. उतारावर सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल टरटरलं आणि गाडी... जातच राहिली. शांतपणे, काहीच झालं नाही अशा थाटात! चौकाच्या मधोमध जाऊन थांबली. डावीकडून आलेला पिकअप ट्रक हॉर्न वाजवत माझ्या बॉनेटपासून दोन हातांवरून निघून गेला.

मागच्या सीटवर सात महिन्यांचं आमचं पिल्लू गाढ झोपलं होतं. मी मात्र पुढच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून वीस मिनिटं थरथरत बसले होते.

त्या रात्री घरात ठराव पास झाला. ही गाडी बदलायची आणि फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची. ऑफिसमधल्या झाडून सगळ्यांचं तेच मत होतं. शिवाय माझा एक क्लायंट डोंगरापलीकडे, सिल्व्हरथॉर्नला. महिन्यातून एकदा तिकडे जाणं भागच होतं.

डॉलरमध्ये कमावता ना?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत राहता, डॉलरमध्ये कमावता, मग घ्या की नवीकोरी! पुण्याच्या मावशीचंही हेच म्हणणं. पण इथलं गणित जरा वेगळं असतं हो. मी एच-१बी व्हिसावर, नवरोबा माझ्यावर डिपेंडंट, म्हणजे घरात पगार एकच. नोकरी गेलीच तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात सापडली नाही तर घर आवरा, सामान विका आणि विमान पकडा. अशा वेळी पाच वर्षांचं कारलोन गळ्यात असेल, तर? आमच्या बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाला गाडी मातीमोल भावात देऊन जाताना मी पाहिलं होतं.

म्हणून दोन अटी ठरवल्या. एक, गाडी रोख पैशांत घ्यायची, १२ हजार डॉलरच्या आत. दोन, गरज पडली तर ती आठवड्याभरात विकली गेली पाहिजे.

मग काय, रोज रात्री पिल्लू झोपलं की आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसायचो. लग्नासाठी स्थळं बघतात तसंच! फोटोत सगळ्याच देखण्या.

आणि रविवारी साताऱ्याला फोन. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्य घाटांत गेलं. गंमत म्हणजे त्यांनी दादाला गाडी शिकवली, मला नाही. "तुला काय करायचंय पोरी, तू अभ्यास कर." मी शिकले ते पुण्यात, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, पहिल्या पगारातून फी भरून. त्यामुळे गाडी या विषयावर आमचं दोघांचं बोलणं असं कधी झालंच नव्हतं.

मी मोठ्या उत्साहात सांगितलं, "अण्णा, फोर व्हील ड्राइव्ह घेतोय. चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते, त्यामुळे बर्फात घसरत नाही."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "आत्ताच्या गाडीत ब्रेक किती चाकांना आहेत?"

"चारही चाकांना."

"आणि नव्या गाडीत?"

"...चारच."

"मग त्या दिवशी सिग्नलला नवी गाडी असती तर थांबली असती का गं?"

मला उत्तर सुचेना. आपण ज्या भीतीपोटी १२ हजार डॉलर खर्च करायला निघालो, त्या भीतीवर हा इलाजच नव्हता! फोर व्हील ड्राइव्ह गाडीला बर्फात निघायला मदत करते, चढ चढायला मदत करते, रुतली तर बाहेर काढते. पण थांबवणं आणि वळवणं हे काम रस्त्याला टेकलेल्या रबराचं. अण्णा म्हणाले, "आधी त्या जुन्या गाडीचे टायर बघ."

खाली जाऊन बघितले. टक्कल पडायच्या बेतात होते. दीड वर्षात मी त्यांच्याकडे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

मग फोर व्हील ड्राइव्ह हवीच कशाला?

हवी होती, पण वेगळ्या कारणासाठी. डेन्व्हर शहरच मुळात १६०९ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर. तिथून सिल्व्हरथॉर्नला जायचं तर आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढायचं. हा बोगदा ११ हजार फुटांहून उंच! तिथे उतारापेक्षा आधी चढाचा प्रश्न. एक गाडी चढावर अडकली की मागे मैलभर रांग.

म्हणूनच कोलोरॅडोत ट्रॅक्शन लॉ आहे. आय-७०च्या डोंगराळ भागात, मॉरिसन ते डॉटसेरो, सप्टेंबर ते मे गाडी बर्फासाठी तयार पाहिजे. फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह, नाहीतर विंटर टायर, नाहीतर मड अँड स्नो टायर, नाहीतर गाडीत चेन. तयारी नसेल तर दंड १३० डॉलरच्या वर आणि तुमच्यामुळे रस्ता अडला तर ६५०च्या वर. गंमत बघा, फोर व्हील ड्राइव्ह असली तरी टायरच्या नक्षीची खोली कमीत कमी ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास लागतेच. म्हणजे सरकारही अण्णांच्याच बाजूचं!

स्थळ पहिलं, दुसरं, तिसरं

पहिली गाडी उंच, चौकोनी, ट्रकच्या चेसीवर बांधलेली. नवरोबा बघताक्षणीच प्रेमात. आत बसला आणि उतरायलाच तयार नाही. पण ही पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह. म्हणजे एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना आणि बर्फ आला की आपण हाताने फोर व्हील टाकायची. कोरड्या रस्त्यावर ती टाकून चालत नाही, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मधले गिअर एकमेकांशी कुस्ती खेळायला लागतात. शेतात, जंगलात जाणाऱ्याला ही गाडी झकास. पण आमच्याकडे दहा मिनिटं बर्फ, दहा मिनिटं कोरडा रस्ता असा कारभार. मागे बाळ रडतंय आणि मी दर वळणाला लिव्हर ओढतेय, हे चित्र काही जमेना. शिवाय पेट्रोल पिणार पाण्यासारखं. नवरोबाने जड अंतःकरणाने दार लावलं.

दुसरी छोटी एसयूव्ही. स्वस्त, चकाचक, रनिंग कमी. सगळं इतकं छान की मला संशय आला. गाडीचा व्हीआयएन नंबर टाकून हिस्टरी रिपोर्ट काढला. पहिली आठ वर्षं ओहायोत! तिकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खातं. मोबाइलचा टॉर्च घेऊन मी सरळ बर्फात आडवी झाले. सायलेन्सरपासून सस्पेन्शनपर्यंत सगळीकडे गंजाचे पापुद्रे. वर पॉलिश, खाली पोफडे. आणि कहर म्हणजे ती फोर व्हील ड्राइव्ह नव्हतीच! एसयूव्ही दिसली की फोर व्हील असणार, असं आपण धरून चालतो. होंडा सीआर-व्ही काय, टोयोटा रॅव्ह-फोर काय, या गाड्या नुसत्या फ्रंट व्हील ड्राइव्हमध्येही येतात. मालकाने जाहिरातीत "हिवाळ्यासाठी बेस्ट" लिहिलं होतं. वाकून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट शोधावा, हे मलाही तेव्हाच सुचलं.

तिसरी २०१५ ची सुबारू फॉरेस्टर. १ लाख ४ हजार मैल, मागणी ११,४०० डॉलर. सुबारूत ऑल व्हील ड्राइव्ह कायम चालू असते, लिव्हर-बटण काही नाही. कोलोरॅडोत तर प्रत्येक गल्लीत दोन सुबारू, म्हणजे विकायला सोपी. माझी दुसरी अट तिथेच पास! सुबारूच्या जुन्या अडीच लिटर इंजिनांमध्ये हेड गॅस्केट लीक होण्याचं दुखणं प्रसिद्ध आहे, पण या मॉडेलमध्ये नंतरचं, नव्या पद्धतीचं इंजिन. मालकीणबाई रिटायर्ड शिक्षिका, सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली. बिलं बघून मला अगदी शाळेतल्या बाईंची आठवण झाली.

तरीही मी १६० डॉलर देऊन गाडी एका मेकॅनिककडे तपासायला नेली. मालकाच्या ओळखीचा नव्हे, मी निवडलेला मेकॅनिक. नवरोबा म्हणत होता, "एवढी छान फाइल आहे, कशाला पैसे घालवतेस?"

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. इंजिन ठीक, गिअरबॉक्स ठीक, खाली गंज नाही. मग टायरमध्ये छोटी पट्टी घालून बघायला लागला. पुढचे दोन नवे, साडेसहा मिलिमीटर. मागचे दोन जुने, तीन मिलिमीटर. मला म्हणाला, दिसायला छोटी गोष्ट आहे, पण ऑल व्हील ड्राइव्हला हे चालत नाही. झिजलेला टायर घेराने लहान, म्हणून तो जास्त वेळा फिरतो. गाडीला वाटतं चाक घसरतंय आणि मधला क्लच कोरड्या रस्त्यावरही राबत राहतो, गरम होतो, झिजतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, एकाच वेळी बदलायचे. एक पंक्चर झाला म्हणून एकच नवा, हा आपला देशी हिशोब इथे महागात पडतो.

त्या पट्टीने १६० डॉलर वसूल करून दिले. बाईंना आकडे दाखवले, त्यांना खरंच माहीत नव्हतं. १०,६०० ला सौदा ठरला. त्यांनी एमिशन टेस्टचा कागद आणि टायटल हातात दिलं आणि वर म्हणाल्या, "उतारावर जपून."

वाचलेल्या ८०० डॉलरमधून ७२० चे चार विंटर टायर घेतले. साइडवॉलवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असलेले. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं आणि हे चिन्ह असलेलं, यात बराच फरक आहे. साधं रबर थंडीत, साधारण सात डिग्रीच्या खाली, कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर मऊ राहतं, रस्ता धरून ठेवतं. एप्रिलमध्ये काढून ठेवायचे, कारण उन्हाळ्यात ते भराभर झिजतात.

घाटाचा नियम

पहिला मोठा बर्फ पडला त्या रविवारी सकाळी मी एका रिकाम्या पार्किंगमध्ये एकटीच गेले. अण्णांनी सांगितलं होतं, "घसरायचंच असेल तर जिथं आदळायला काही नाही तिथं घसर." वीस मैलांवर ब्रेक मारला. पेडल तसंच टरटरलं, गाडी घसरली, पण थांबली. सरळ रेषेत. पंधरा-वीस वेळा केलं. अंतर पावलांनी मोजलं. मग पंचविसावर केलं आणि अंतर केवढं वाढतं ते बघून गारच पडले!

फेब्रुवारीत सिल्व्हरथॉर्नला गेले. चढ गाडीने हसत हसत काढला. शेजारून एक भलीमोठी फोर व्हील जोरात पुढे गेली आणि चार मैलांनंतर मला ती रस्त्याबाहेर, बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी दिसली. बोगद्यापलीकडे सहा-सात टक्क्यांचा लांबलचक उतार, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला काढलेले रस्ते. पोटात गोळा आला. मग लहानपणी एसटीत इंजिनशेजारी बसून ऐकलेलं वाक्य आठवलं, "ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर." लिव्हर खालच्या रेंजला ओढला, इंजिन गुरगुरलं, गाडीने स्वतःला आवरलं. ब्रेकवर फक्त टेकवण्यापुरता पाय.

हॉटेलवर पोचून साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट. अण्णा शाल गुंडाळून बसलेले. मी कॅमेरा गाडीवरून फिरवला. रंग, सीट, स्क्रीन कशाकडे त्यांचं लक्ष नाही.

"टायर दाखव."

दाखवला. बर्फाने भरलेली नक्षी त्यांनी चष्मा लावून, फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग विचारलं, "घाट कसा उतरलीस?"

सांगितलं.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत आईला हाक मारली, "अगं ऐकलंस का, पोरगी गिअरात उतरली."