हरलेल्या मतांचे काय?

२०२६ च्या १ जानेवारीला स्वित्झर्लंडमधले मूतिए हे छोटे शहर बर्न राज्यातून निघून शेजारच्या जुरा राज्यात गेले. वस्ती सात-साडेसात हजारांची; आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. जगाच्या दृष्टीने बातमी किरकोळच. पण आम्हा सीमाभागातल्या माणसांना ती दोनदा वाचावीशी वाटते. एका गावाने राज्य बदलले, तेही मत देऊन!

फुटीर चळवळ म्हटली की डोळ्यांसमोर बंदुका येतात. जुराच्या लोकांना मात्र देश सोडायचा नव्हता, फक्त राज्य सोडायचे होते. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत बड्या सत्तांनी युरोपचा नकाशा नव्याने आखला आणि बहुतांशी फ्रेंच बोलणारा हा डोंगराळ मुलूख जर्मन भाषिकांच्या बर्नच्या पदरात टाकला. धुसफूस जुनीच होती. भडका उडाला १९४७ मध्ये. बर्नच्या मंत्रिमंडळातले जुराचे प्रतिनिधी जॉर्ज मोक्ली यांना सार्वजनिक बांधकाम खाते मिळायचे होते. एवढे महत्त्वाचे खाते फ्रेंच भाषिकाकडे नको, म्हणून विधिमंडळाने ते नाकारले. खाते एका माणसाचे गेले, अपमान साऱ्या मुलखाला लागला.

पुढची सत्तावीस वर्षे सभा, मोर्चे आणि काही ठिकाणी जाळपोळही झाली. अखेर २३ जून १९७४ रोजी सार्वमत झाले. वेगळ्या राज्याच्या बाजूने ३६,८०२ मते पडली, विरुद्ध ३४,०५७.

एवढ्या थोड्या फरकाने सगळा मुलूख एकीकडे ओढायचा का? त्याचे उत्तर नियमांत आधीच लिहून ठेवले होते. निकाल न पटलेल्या जिल्ह्यांना पुन्हा मत देता येणार होते आणि त्यानंतर सीमेवरच्या गावांना. मार्च १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या तीन जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहायचे ठरवले. भाषा त्यांचीही फ्रेंचच. पण उत्तर कॅथलिक आणि दक्षिण प्रॉटेस्टंट. शिवाय बर्नशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध. भाषा एक म्हणून मने एक, असे काही झाले नाही. त्या काळात मूतिएच्या रस्त्यांवर मारामाऱ्याही झाल्या. १ जानेवारी १९७९ रोजी जुराचे राज्य झाले ते उत्तरेच्या तीनच जिल्ह्यांचे. मूतिए बर्नकडेच राहिले.

तरी विचारणे थांबले नाही. व्हेलरा नावाच्या, शंभरही वस्ती नसलेल्या खेड्याला जुरात जायचे होते. त्यासाठी साऱ्या देशाने मतदान केले आणि १९९६ मध्ये ते गेले. मूतिएमध्ये १९९८ साली जुराची बाजू ४१ मतांनी हरली. २०१७ मध्ये ती १३७ मतांनी जिंकली, पण गैरप्रकारांमुळे ते मतदानच रद्द झाले. २८ मार्च २०२१ रोजी पुन्हा मतदान झाले. जुराच्या बाजूने २,११४, बर्नच्या बाजूने १,७४०.

मी राज्यशास्त्र शिकवतो. संघराज्याचे प्रकरण आले की हे सांगतो आणि दर वर्षी कोणीतरी विचारतेच, ‘सर, मग आपल्याला का नाही विचारलं?’ आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. सार्वमताची अट त्यात नाही. १९५६ साली आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो कायद्याने. विचारल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही असे ठरवले. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. पण ते एक लाख अडतीस हजार लोक कुठे गेले? कुठेच नाही. त्याच गोव्यात राहिले.

माझी आजी जन्मभर एकाच घरात राहिली. घर हलले नाही, राज्य हलले. शेताचा उतारा कन्नडमध्ये येऊ लागला, तेव्हा तो घेऊन ती शेजारच्या मास्तरांकडे जायची. मास्तर कन्नड. ते चष्मा पुसून एकेक ओळ मोडक्या मराठीत समजावून द्यायचे. आपल्याला कोणी विचारले नाही, हे आजीचे दुःख शेवटपर्यंत गेले नाही आणि ते खोटे नव्हते. पण मनात येते, की विचारले असते आणि सीमा आमच्या मनासारखी आखली गेली असती, तर मराठी उतारा घेऊन कोणाच्या तरी दारात मास्तरांना जावे लागले असते. तेव्हा आमच्या ओसरीवर त्यांना बसायला पाट मिळाला असता का?

विचारायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न विचारता आखलेली रेघ दीडशे वर्षांनीही ठसठसते, हे जुराने दाखवले. पण मत मोजून झाले की हरलेला माणूस शेजारीच राहतो. मूतिएच्या त्या १,७४० जणांना आता कामासाठी दुसऱ्या राजधानीला जावे लागेल. त्यांना तिथे कसे वागवले जाते, त्यावरून या चळवळीचे मोल ठरेल.

म्हणून यंदा द्वितीय वर्षाच्या मुलांना निबंधाचा विषय दिला आहे: ‘मी मूतिएचा रहिवासी. मी बर्नला मत दिले होते.’ मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांतली मुले तो लिहिणार आहेत.