अंगणातला बहुरूपी

फुलपाखरू रंगावरून ओळखायचं, असं आपण सगळेच धरून चालतो. पण कढीपत्त्याभोवती, लिंबाभोवती घुटमळणारं एक काळं फुलपाखरू आहे. त्याला रंगावरून ओळखू जाल तर फसाल, बरं का! त्याचं नाव कॉमन मॉर्मन. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे.

नर काळा असतो. त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असतो. माद्या मात्र तीन रूपांच्या. एक नरासारखीच. दुसरी हुबेहूब कॉमन रोज फुलपाखरासारखी, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची. तिसरी क्रिमझन रोजसारखी. ही दोन्ही रोज फुलपाखरं अळी असताना सापसंदासारख्या वेलींची विषारी पानं खातात. म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपी मादीच्या अंगात ते विष नसतं, पण सोंगामुळे तिचा जीव वाचतो.

पक्षीच काय, मोठमोठे शास्त्रज्ञही फसले! लिनीयस यांनी १७५८ साली याच फुलपाखराला पॅपिलिओ पॉलिटस आणि पॅपिलिओ पॅमन अशी दोन नावं दिली, जणू दोन वेगळ्या जाती. आज पॉलिटस हे एकच नाव मानतात. पुढे २०१४ साली आपले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या सोंगाची किल्ली डबलसेक्स नावाच्या एका जनुकात आहे.

गेल्या पावसाळ्यात लाल ठिपक्यांच्या एका मादीनं आमच्या कढीपत्त्यावर अंडी घातली. आई म्हणाली, "अळ्या सगळा पाला फस्त करतील. वेचून टाक." मी म्हटलं, "आई, एवढी एक फांदी राहू दे गं." ती कबूल झाली. अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत, मग हिरव्यागार झाल्या. काडी लावली की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढायच्या! शेवटी चार कोषांतून फुलपाखरं निघाली. तीन पांढऱ्या पट्ट्यांची, एक लाल ठिपक्यांचं. आई बघतच राहिली. म्हणाली, "एका आईची लेकरं, नि रूपं निराळी!" यंदा ती फांदी तिनं आपणहून राखली आहे.

तुम्हांला लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू दिसलं, तर त्याचं अंग नीट बघा. अंग लाल असेल तर ते रोज. काळं असेल तर समजा, आपला बहुरूपी आला!

— इयत्ता सातवी